उत्तरेकडं कललेली मान

आनंदा, मिरजेच्या डॉक्टरांनी 'नाही' म्हटलं नव्हतं.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि तुला तर नाहीच. डॉक्टर 'हो' म्हणाले होते. मानेच्या उजव्या बाजूचा स्नायू आखडून आखूड झालाय, तो सोडवता येतो, म्हणाले. मान अगदी ओळंब्यात येणार नाही, पण रस्त्यात कुणी वळून बघणार नाही इतकी सरळ होईल. पुढं काही महिने गळ्याला पट्टा आणि व्यायाम. उशीर मात्र करू नका, वय वाढलं की हाडं ऐकत नाहीत. तू तेव्हा पलीकडच्या खोलीत एक्स-रे काढून शर्टाची बटणं लावत होतास. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. तू आलास आणि विचारलंस, काय म्हणालं डॉक्टर. मी म्हटलं, "न्हाय म्हणत्यात. जन्माचं हाय. आता काय करता येत न्हाय."

तू हसलास. म्हणालास, "मग चल की आण्णा, चहा तरी पिऊ."

समोरच्या टपरीवर आपण चहा घेतला. मान मागं करून कप तोंडाला लावणं तुला जमायचं नाही, म्हणून तू बशीत ओतून प्यायचास. तू फुंकर मारत होतास आणि माझा चहा संपला होता. सांगायचं असतं तर तेवढा वेळ पुरेसा होता. मी रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसलो.

परवा पंचगंगेवर तुझं रक्षाविसर्जन झालं. तू गेलास त्या दिवशी गर्दी बरीच होती. तुझ्या गाड्यावर छत्री दुरुस्त करून नेलेली निम्मी माणसं आली असावीत. तुला तिरडीवर ठेवलं तेव्हा गल्लीतल्या दोघांनी तुझी मान सरळ करायला बघितली. आधी एकानं हळू, मग दुसऱ्यानं जरा जोर लावून. ती सरळ होईना. मी म्हटलं, "राहू दे. तशीच असू दे त्याची." लोकांना ती भावाची माया वाटली. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, असा भाऊ मिळाय नशीब लागतं. मी त्याला हात जोडले.

उसाचा हंगाम. गाडा दोन्ही हातांनी ढकलत तू रस्ता ओलांडत होतास आणि उजवीकडून ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला. तुझी मान उजव्या खांद्यावर कललेली, तोंड डावीकडं. उजवीकडं बघायचं तर तुला अख्खं अंग वळवावं लागायचं, आणि हातात गाडा असला की अंग वळत नाही. ट्रॅक्टरवाला पोलिसांपुढं रडत होता. "साहेब, हॉर्न मारला की मी. त्यांनी बघितलंच न्हाय." तो खरं बोलत होता. तुझी मान वळत नाही हे तिथं जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं. ती वळू शकली असती, हे माहीत असलेला मी एकटा होतो. मी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बघ, त्यातही लोकांना माझा मोठेपणाच दिसला.

सुरुवात मीच केली होती. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. शाळेत भूगोलाचा मास्तर म्हणून चिकटून मला थोडीच वर्षं झाली होती. ऋतू कसे होतात हा धडा काही केल्या वर्गाच्या डोक्यात शिरत नव्हता. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून ऊन तापतं, असं प्रत्येकजण छातीठोक लिहायचा. शाळेतला पृथ्वीगोल आसात मोडलेला, हातात धरला की आपलाच भलतीकडं लटकायचा. मी वैतागून घसा फोडत होतो, तेवढ्यात तू माझा डबा घेऊन दारात उभा राहिलास. मान खांद्यावर आणि चेहऱ्यावर ते नेहमीचं, आत येऊ का नको.

मी वर्गाला म्हटलं, "ही बघा पृथ्वी."

वर्ग हसून लोटपोट. तू आधी माझ्याकडं बघितलंस, मीपण हसतोय का ते बघायला. मी हसत होतो. मग तूही हसलास. बाविशीतला तरुण, दाढी-मिशा फुटलेला, भावाचा डबा हातात धरून पोरांच्या हसण्यात हसत होतास.

त्या दिवशी पोरांना धडा कळला, हे मात्र मी नाकारणार नाही. माझं पाप असं आहे की ते उपयोगी पडलं.

पुढं आपण त्याचा नीट पाठच बसवला. खिडक्यांना घोंगडी, मधोमध स्टुलावर मोठा दिवा, तो सूर्य. तू दिव्याभोवती फिरायचास, पण तोंड कायम फळ्याकडं. आमचा फळा पश्चिमेच्या भिंतीला होता, म्हणजे तुझा उजवा खांदा आणि त्यावरची मान कायम उत्तरेला. दिव्याच्या दक्षिणेला उभा असलास की मान दिव्याकडं झुकलेली, टाळूवर लख्ख उजेड. मी सांगायचो, आपल्याकडचा उन्हाळा, दिवस मोठा. मग तू मागं-मागं, बाजू-बाजूनं, खेकड्यासारखा सरकत वळसा घालायचास. पलीकडं उत्तरेला पोचलास की मान तशीच, तिकडंच झुकलेली, पण दिवा आता दुसऱ्या अंगाला आणि टाळू अंधारात. हिवाळा, दिवस लहान. अधल्यामधल्या दोन जागी उजेड ना जास्त ना कमी, तिथं दिवस-रात्र सारखे. पृथ्वी सूर्यासाठी मान वळवत नाही, तिला तशीच घेऊन चालत राहते, एवढाच सगळा धडा. "मान कुणीकडं?" मी ओरडायचो. "उत्तरंला!" अख्खा वर्ग ओरडायचा. तुझ्या कपाळावर कोल्हापूर म्हणून मी एक लाल टिकली चिकटवायचो, तुझ्या वहिनीच्या पाकिटातली. ती लावताना तू डोळे मिटून घ्यायचास.

शेवटी माझा हुकमी डाव. तुला हिवाळ्याच्या जागी उभं करायचं आणि दिव्याच्या इतकं जवळ सरकवायचं की गालाला चटका बसावा. टाळू अंधारातच. "बघा रे. ऐन थंडीत, जानेवारीत, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. तरी आपल्याला हुडहुडी भरते. जवळ असून उपयोग नाही. कललंय कुणीकडं ते बघा."

हे मी वर्षानुवर्षं शिकवलं, आनंदा. तुझ्या सगळ्यात जवळ उभा राहून शिकवलं.

दिवस-रात्रीचा भाग तुला देता येत नव्हता, आणि ते तुला लागायचं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तरी तिची मान एकाच दिशेला राहते. तू फिरलास की तुझी मान तुझ्याबरोबर फिरणार. म्हणून तो भाग मी मोसंब्यात विणायची सुई खुपसून करायचो. एकदा तू हट्टाला पेटलास. दिवस पण मीच करणार. मान तेवढी उत्तरेला धरून अंग फिरवायला बघितलंस, पाय पायात अडकले आणि पहिल्या बाकावर जाऊन आडवा झालास. ओठ फुटला. तुला उठवायच्या आधी मी वर्गाला म्हटलं, "ह्याच्यानं वर्ष होतंय, दिवस होत न्हाय." ते वाक्य पोरांनी घरी नेलं आणि घरून ते पेठेत गेलं. पुढं तुझ्या धंद्यावर, तुझ्या लग्नावर, कशावरही लोक तेच टाकायचे. नाव तर पडलंच होतं. "पिरथी, ए पिरथी, छत्री झाली काय?" तू ओ द्यायचास. ते नाव कुणी पाडलं असं कुणी विचारलं तर तू म्हणायचास, पोरांनी.

आईला मात्र तुझी मान पृथ्वीची वाटत नव्हती. तिच्या मते तुझी मान ग्रहणानं वाकवली. तू पोटात असताना सूर्याला ग्रहण लागलं होतं. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरायचं नाही, काही वाकवायचं नाही, अंग ताठ ठेवून पडून राहायचं. आई पडून राहिली नाही. तिनं चूल पेटवली आणि मान वाकडी करून जाळ फुंकला. "माझंच चुकलं," एवढंच ती आयुष्यभर म्हणाली. का फुंकला हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मला आठवतं. मी लहान होतो, भूक लागली होती, आणि भाकरी दे म्हणून मी दारात लोळण घेतली होती. ती मला गप्प करायला उठली. तिच्या लेखी तुझी मान माझ्या भुकेनं वाकली, आणि तिनं ते कधी तोंडातून काढलं नाही, माझ्यासमोरसुद्धा नाही.

ग्रहण म्हणजे सावली, सावलीनं कुणाची मान वाकत नाही, हे मी पुढं फळ्यावर काढून शेकडो पोरांना शिकवलं. आईलाही सांगून बघितलं. ती म्हणाली, "ते तू शाळंत सांग."

मग मिरज आलं. तूच मागं लागला होतास. गाड्यावर कुणीतरी गिऱ्हाईक म्हणालं होतं, मिरजेत दाखवून बघ. मी टाळत होतो. त्या सुमाराला माझं नाव व्हायला लागलं होतं. शिक्षण खात्याचे साहेब आपला पाठ बघायला येणार होते, तयारी चालली होती, हेडमास्तर मला खुर्चीवरून उठून भेटायचे. आणि डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यातच दाखल करा. पुढच्या आठवड्यात! मी त्यांच्यासमोर बसून मनात दिवस मोजले. पट्टा बांधलेली, सरळ मानेची पृथ्वी घेऊन मी साहेबांपुढं काय दाखवणार होतो? तुला आत्ता नाही म्हणायचं, पाठ झाला की सांगायचं, असं मी दवाखान्याच्या दारापर्यंत येता येता ठरवलं. फार विचार केला नाही. विचार करून केलं असतं तर निदान जाणूनबुजून वाईट करणारा माणूस तरी ठरलो असतो.

परतीच्या एस.टी.त तू खिडकीला बसला होतास. जयसिंगपूर मागं पडलं तरी बोलला नाहीस. मला ती शांतता सोसेना, म्हणून मी तुझी समजूत काढायला लागलो. आणि कशानं काढली? भूगोलानं. मी म्हटलं, आनंदा, पृथ्वीची मान सरळ असती तर काय झालं असतं माहीत आहे? ऋतूच झाले नसते. बाराही महिने सगळं एकसारखं. दिवस तेवढाच, रात्र तेवढीच. थंडी नाही, उन्हाळा नाही, पावसाची वाट बघणं नाही. आंब्याला मोहर कधी यायचा ते आंब्याला कळलं नसतं.

तू खिडकीतनं बाहेर बघतच विचारलंस, "म्हंजे वाकडी हाय म्हणून चाललंय की सगळं?"

"व्हय."

"आणि कुणी सरळ केली तर?"

"वाटोळं."

तू मान डोलावलीस. तुझं ते मान डोलावणं, एका बाजूलाच होणारं. आणि ती थाप तू खरी म्हणून घेतलीस. थाप कसली, विज्ञान म्हणून शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच ते इतकं नीच काम झालं. नुसतं खोटं बोललो असतो तर तुला कधीतरी संशय तरी आला असता. मी खोट्यावर खऱ्याची कल्हई केली.

साहेब आले. पाठ उत्तम झाला. शेवटी साहेब उठून तुझ्याजवळ आले, मानेला बोट लावून बघितलं आणि मला विचारलं, खरंच आहे का हो असं? मी म्हटलं, "एकदम ओरिजिनल, साहेब." सगळे हसले. माझ्या गळ्यात हार पडला. तुला कुणीतरी पेढा दिला. कपाळावरची टिकली काढायची राहिली होती, तसाच तू सायकलवरून घरी गेलास.

त्यानंतर सांगणार होतो. पण मग इतर शाळांची बोलावणी आली. राधानगरी, कबनूर, मलकापूर. एवढं होऊ दे, मग सांगू. तुलाही आवडायला लागलं होतं ते, किंवा मी तसं मानून घेतलं. एस.टी.त दिवा मांडीवर धरून बसायचास आणि बाईंडिंगच्या दोऱ्यानं गुंडाळलेली त्याची वायर सोडायची नाही म्हणून मला दम द्यायचास. आणि खोटं जुनं झालं की खरं सांगायला नवं कारण लागतं. आधी का नाही सांगितलंस, हेच तू पहिलं विचारलं असतंस.

तुझा गाडा ऋतूंवरच चालायचा. पावसाळ्यात छत्र्यांची दुरुस्ती, दिवाळीला आकाशकंदील, थंडीत कानटोप्या, उन्हाळ्यात काळे गॉगल. गिऱ्हाइकानं मानेवरून काही म्हटलं की तू हातातलं काम न थांबवता ऐकवायचास: "पावणं, पृथ्वीची मान सरळ असती तर मी उपाशी मेलो असतो. बारा म्हैने गॉगल कोण घेतंय?" लोक खूश होऊन जायचे. मी एकदा मागं उभा राहून ते ऐकलं आणि भेटायला आलो होतो तो तसाच परत गेलो.

मलकापूरची मुलगी आठवते? बायाबापड्यांचे कपडे शिवायची, हाताला सफाई, बोलायला नीट. फोटो बघून त्यांनी बोलावलं होतं. फोटो तू एका अंगानं काढला होतास आणि फोटोवाल्यानं कसब दाखवलं होतं. आपण दोघं गेलो. पोहे झाले. मुलगी समोर बसली, तिनं तुझी मान बघितली आणि नजर काढून घेतली नाही, हे मी बघितलं होतं. तूही बघितलंस. मग तिचा भाऊ आतून आला आणि तुला बघून दारातच थांबला.

"हे टिकलीवालं न्हवं? आमच्या शाळंत आलतं की. पिरथी."

घरात हसू फुटलं, आतल्या बायकांपर्यंत गेलं. तू सावरलंस स्वतःला. तुझं ते ठरलेलं वाक्य काढलंस, मी दिलेलं. म्हणालास, पावणं, पृथ्वीची मान सरळ असती तर ऋतू झालं नसतं. मुलीचा बाप वाईट माणूस नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "ऋतू हुईत न्हायतर न हुईत, पावणं. आम्हास्नी जावई बघायचाय." आणि तिच्या भावानं माझ्याकडं बोट केलं. "ह्या मास्तरांनीच आणलं हुतं की."

मलकापूरच्या स्टँडवर आपण गाडीची वाट बघत होतो. तू म्हणालास, "आण्णा, तू मला हितं आधी आणलंतंस. मी इसरलोच हुतो." एवढंच. आवाज चढवला असतास तर मी भांडून मोकळा झालो असतो.

त्यानंतर तू माझ्याशी बोलणं सोडलंस. मी कॉलनीत राहायला गेलो होतो, तू आणि आई जुन्या घरात. पाठ बंद झाले. हेडमास्तर विचारायचे, पृथ्वीला काय झालं? मी म्हणायचो, धंद्यात अडकलाय. एका पावसाळ्यात छत्रीची काडी मोडली म्हणून मी मुद्दाम तुझ्याच गाड्यावर आलो. तू वर बघितलंस, ओळखीची खूण नाही.

"पावणं, कुठनं आलायसा?"

सख्ख्या भावाला पावणं. मी म्हटलं, काडी मोडली आहे. तू छत्री उघडलीस, फिरवून बघितलीस. "काडी बदलतो. दांडा वाकलाय, त्येला काय करता येत न्हाय. जन्माचा दिसतोय."

तुला कळलं होतं का रे? तो शब्द तू मुद्दाम वापरलास, का तुझ्या जिभेवर बसलेलाच होता? मी आजपर्यंत ते घोकतो आहे. काडी तू अशी बसवून दिलीस की ती छत्री मी अजून वापरतो.

बोलणं पुन्हा सुरू केलंस तेही तूच. एका दिवाळीला माझ्या दारात आकाशकंदील घेऊन उभा राहिलास. स्टुलावर चढून टांगलास आणि वरूनच विचारलंस, "सरळ लागलाय काय बग. माझ्या नजरंचा भरवसा न्हाय." दर दिवाळीला मग हेच. दर वर्षी मी म्हणायचो, सरळ आहे. तेवढं एक तुला खरं सांगत होतो. तू दिलेलं खूप आहे, आनंदा. आईला तू सांभाळलंस, मी महिन्यातून एकदा फळं घेऊन जाणारा मुलगा. माझी नोकरी, माझं नाव, निवृत्तीच्या निरोपाला शाळा जे चार शब्द बोलेल ते, सगळं तुझ्या खांद्यावरून आलेलं. आभार मानतो असं लिहायला गेलो आणि पेन थांबलं. कापून घेतलेल्या हाताचे आभार कसे मानायचे?

आता गेल्या पावसाळ्याचं. तू विचारलंस तेव्हाचं. मी गाड्यापाशी उभा होतो आणि तू छत्रीच्या काडीला दोरा आवळत होतास. कबनूरचं एक यंत्रमागवालं गिऱ्हाईक सांगून गेलं होतं, त्याच्या पाहुण्यांत एकाची मान अशीच होती, मोठ्या वयात ऑपरेशन केलं, बराच फरक पडला. तू दोऱ्यावरची नजर न काढता विचारलंस, "आण्णा, त्या मिरजंच्या डॉक्टरनं नक्की काय सांगितलं हुतं?"

मी म्हटलं, "त्याचं येगळं असंल. तुझं हाडाचं हाय."

"नक्की न्हाय म्हणाला हुता?"

"न्हाय म्हणाला."

तू दाताखाली दोरा तोडलास. "मग बरं. मला वाटाय लागलं हुतं, आपण परत एकदा विचाराय पायजे हुतं."

तेव्हा कुठले साहेब येणार नव्हते. कुठला पाठ नव्हता. भिंतीवरच्या माझ्या प्रशस्तिपत्रकाला वाळवी लागलेली. पहिल्या वेळी मी नावासाठी खोटं बोललो, दुसऱ्या वेळी नुसतं तोंड लपवायला. हे दुसरं जास्त वाईट. तेव्हा कदाचित अजून काहीतरी होण्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले होते हाडं ऐकत नाहीत, पण विचारायला काय हरकत होती? थोडीफार जरी वळली असती, उजवीकडं हातभर जरी दिसलं असतं, तर त्या सकाळी ट्रॅक्टर दिसला असता. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो. मनात म्हणताना मी त्यात 'कदाचित' फार घालतो.

आईबद्दल लिहायचं राहिलं, आणि खरं म्हणजे तेवढ्यासाठीच बसलो होतो.

रक्षा सावडून आलो. बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. आई रडत नव्हती. ती त्यांना सांगत होती, "मी गिरणात चूल फुंकली. त्येची मान तवाच वाकली. मान वाकली म्हणून त्येला ट्रॅक्टर दिसला न्हाय." ग्रहणापासून ट्रॅक्टरपर्यंत तिनं सगळं एका दोऱ्यात ओवलं आहे, आणि दोऱ्याचं टोक तिच्या हातात. कुणीतरी विचारलं, मावशे, पण गिरणात चूल पेटवलीस तरी कशाला? आईनं दाराकडं बघितलं. दारात मी होतो, ओला पंचा खांद्यावर.

"भूक लागलीती मला," आई म्हणाली.

आणि मी आत जाऊन कपडे बदलले.

त्या दिवशी मिरजेत मी डॉक्टरांना ग्रहणाचंही विचारलं होतं, आनंदा. माझ्या मनात ते होतंच, भूगोल शिकवत असलो तरी. ते हसले नाहीत. म्हणाले, बाळ पोटात कसं आवळलं गेलं, जन्मताना काय झालं, त्यावर असतं हे. कुणाच्या करण्यानं होत नाही. आणि मी उठताना म्हणाले, घरी आई आहे ना? तिला आठवणीनं सांगा, तिचा काही दोष नाही.

ते वाक्य मी आईला सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, आणखी काय म्हणाले? मग 'हो' सांगावं लागलं असतं. म्हणून तुझ्या मानेबरोबर मी तिचा दोषही तिच्या अंगावर तसाच राहू दिला. इतकी वर्षं ती माझी भूक झाकत आली आणि मी तिच्याकडून एक वाक्य दडवून ठेवलं.

हे दिवस तेच आहेत ज्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. सकाळी आईच्या पायांना तेल लावलं, पाय गार होते. ती आत भिंतीकडं तोंड करून पडली आहे. हे मी छापायला देणार आहे, गल्ली वाचेल, शाळा वाचेल, मलकापुरातही कुणी वाचेल. आईला वाचता येत नाही.

तुझी मान मी तुला देणं लागत होतो, ती आता कुणाला द्यायची. डॉक्टरांचं वाक्य मी आईला देणं लागतो, आणि ते तिच्याजवळ बसून माझ्या तोंडानं सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.